फाटककाकांचा हिरवा दिवा

२७ जानेवारी

ती. काकूंना,
सा. न.

तुम्ही मला ओळखाल की नाही, शंकाच आहे. काका आजारी असताना ऑफिसातून आम्ही चौघं भेटायला आलो होतो. त्यात सगळ्यात उंच आणि सगळ्यात कमी बोलणारी ती मी. निघताना छत्री तुमच्याकडे विसरले. ती मागायला यायच्या आतच काका गेले, मग यायचा धीरच झाला नाही.

दोन आठवडे तुम्हाला फोन लावते आहे. तो वाजतो आणि थांबतो. शेवटी आमच्या टपाल बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, त्यांना आता ऐकू येत नाही. पत्र टाक." शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकांकडे काणाडोळा करा.

काकांच्या खुर्चीत आता मी बसते. खरोखरच्या खुर्चीत, तिचा डावा हात अजून हलतो. काम तेच, त्यांचं. बारा जण आठवडाभर प्रोग्रामचे तुकडे लिहितात. ते सगळे एकत्र बांधायचे, तपासायचे आणि गुरुवारी चार वाजता दवाखान्यांना पाठवायचे. नर्सने रुग्णाचं वजन आणि औषधाचं नाव टाकलं की सलाईनचा वेग किती ठेवायचा, ते आमचा प्रोग्राम सांगतो. असे दोनशे बारा दवाखाने आहेत. म्हणून निघण्याआधी शेवटी एका जबाबदार माणसाने "जाऊ दे" असं म्हणावंच लागतं. त्या टप्प्याला आम्ही फाटक म्हणतो, आणि सोळा वर्षं ते काकांनी सांभाळलं म्हणून ते फाटककाका. हे तुम्हाला मी काय सांगणार!

लिहायचं कारण असं. काकांच्या नावाचं कामकाज आता ऑफिसला बंद करायचं आहे आणि एक यंत्र सापडत नाहीये. यादीत त्याचं नाव "फाटक-१". आमच्या सर्व्हरच्या खोलीत मी गुडघ्यांवर रांगत प्रत्येक पेटीवरची चिठ्ठी वाचली. तिथे नाही. तुमच्या घरी ऑफिसचं काही राहिलं आहे का? घाई काहीच नाही.

काकांच्या खुर्चीत बसलेली,
मी


३१ जानेवारी

चि. खुर्चीवालीस,
अनेक आशीर्वाद.

छत्री दाराच्या मागे आहे. तिची एक काडी मोडली होती, ती मी तारेने बांधली. तुझ्या पत्रात सात चुका होत्या. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, आता कुणाचं पत्रही सरळ वाचता येत नाही. लाल पेन आपोआप हातात येतं. पण दोन ठिकाणी मी चूक म्हणून खूण केली आणि नंतर वाटलं, नाही, पोरीला असंच म्हणायचं असेल. मग खाली ठिपके दिले. खोडलेल्या मजकुराखाली ठिपके दिले की छापणाऱ्याला कळतं, तपासणाऱ्याने विचार बदलला, आहे ते आहे तसं राहू द्या. ह्यांना ती खूण फार आवडायची. माझ्यावर चिडून काही लिहून ठेवलं की संध्याकाळी येऊन त्याखाली ठिपके देऊन जायचे. बोलून माफी मागणं जमायचं नाही, तर ठिपके.

तुझं यंत्र इथे आहे. ह्यांच्या टेबलाखाली, काळी पेटी, पुढे एक बारीक दिवा. आजारपणात ह्यांनीच ऑफिसातून घरी आणून ठेवली. टेबल खिडकीशी, खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते आणि दुसरं काही नाही. ह्यांचा चष्मा जिथे ठेवला होता तिथेच आहे. पेटी बंद करू नकोस असं ते बजावून गेले, म्हणून करत नाही.

मला आता मोठ्याने बोललं तरच थोडं कळतं. पण पेटीच्या पाठीवर तळहात ठेवला की समजतं. एरवी ती गप्प असते. गुरुवारी चारला तिला थरथर सुटते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. तरी गुरुवारी साडेतीनला मी त्या खोलीतला केर काढते, पडदा सरळ करते आणि साडी बदलते. का, ते मला विचारू नकोस.

पेटी नेऊ नकोस. घाई नाही असं तूच लिहिलं आहेस.

तुझी,
काकू


५ फेब्रुवारी

ती. काकू,
सा. न.

तुम्हाला खोटं लिहिलं, त्याची आधी माफी. घाई आहे. खरं कारण लिहायची हिंमत नव्हती.

आमच्या प्रोग्रामच्या प्रत्येक बिल्डवर, म्हणजे बांधून तयार झालेल्या गठ्ठ्यावर, एक मोहोर लागते. ती नसेल तर दवाखान्यातली यंत्रं तो उघडतच नाहीत. ती मोहोर तुमच्या घरच्या पेटीत आहे, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दर गुरुवारी चारला इथून काम जायचं, थोड्या वेळाने मोहोर लागून परत यायचं, फाटकाचा दिवा हिरवा व्हायचा आणि आम्ही चहा प्यायला उठायचो. काकांनी जाण्याआधी सगळं आपोआप होईल असं करून ठेवलं असणार, असं जो तो धरून चालला होता. मीसुद्धा.

मग त्यांचं नाव काढण्यासाठी मी नोंदी उघडल्या. काकू, तो हिरवा आपोआप होत नाही. माणसाने समोर बसून "हो" दाबावं लागतं. काका गेल्यापासून गेल्या गुरुवारपर्यंत ते एकोणचाळीस वेळा दाबलं गेलं आहे. काकांच्या नावाने.

त्यातली पहिली वेळ ते गेले त्याच दिवसाची. तुम्ही ऑफिसला पाठवलेल्या दाखल्यावर वेळ आहे तीन चाळीस. नोंदीत काकांनी "हो" म्हटल्याची वेळ आहे चार अकरा.

मी ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून किती वेळ बसले, मला आठवत नाही. आमच्यातला एक टवाळ आहे, तो म्हणाला, "काकांनी बदली करून घेतली, वरच्या ऑफिसात." कुणी हसलं नाही. तपासण्या करणारी जी आहे, ती आता गुरुवारी मोठ्या स्क्रीनच्या खोलीत एकटी बसत नाही.

तुमचा मुलगा तिथे येतो का? की आणखी कुणी? मला रागावू नका. पण हे कोण करतं आहे ते कळायलाच हवं. दवाखान्यांचा प्रश्न आहे.

तुमची,
खुर्चीवाली


१० फेब्रुवारी

चि. खुर्चीवालीस,
आशीर्वाद.

मुलगा रविवारी येतो आणि रविवारीच जातो. त्या खोलीत त्याला मी जाऊ देत नाही.

तीन चाळीस ही डॉक्टरांच्या घड्याळातली वेळ. घड्याळ बरोबर असेल.

गेलेल्या माणसाची सही चालत नाही, एवढं मलाही कळतं. पण तू एक बघून कळव. त्या एकोणचाळीस वेळांत एकदा तरी नको ते सुटलं का? दवाखान्यांचा प्रश्न आहे असं तू लिहिलंस, म्हणून विचारते.

काकू


१४ फेब्रुवारी

ती. काकू,
सा. न.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मी मंगळवारीच काढलं होतं. एकदाही नाही. एक सुद्धा चुकीचा बिल्ड सुटलेला नाही. हे लिहून पत्र टाकणार, तेवढ्यात काल गुरुवार उजाडला.

बिल्ड बांधून झाला की यंत्र स्वतः चौसष्ट तपासण्या करतं आणि प्रत्येकीची एक ओळ लिहितं, पुढे हिरवा किंवा लाल ठिपका. काल सगळे ठिपके हिरवे होते. आमचे साहेब तर उठून उभे राहिले होते. आणि चार वाजून अकरा मिनिटांनी फाटक लाल झालं.

काकू, सोळा वर्षांत काकांनी कारण न देता कधी अडवलं नाही म्हणतात. कालही कारण आलं, त्यांच्या नावाखाली: "एक ओळ गळली आहे. मागच्या वेळी चौसष्ट होत्या, या वेळी त्रेसष्ट. चाळीसनंतर एकदम बेचाळिसावी आली आहे. बघून घ्यावे."

साहेब म्हणाले, "सगळं हिरवं आहे, फाटक डावलून वरून ढकला." ढकलायची कळ माझ्याच हाताखाली होती. मी ढकललं नाही. मग एकेचाळिसावी ओळ शोधली.

ती तपासणी पाच किलोखालच्या बाळांची होती. त्यांच्यासाठी सलाईनचा वेग एका मर्यादेपुढे जाऊ नये, हे ती बघते. ती कुणीतरी यादीतून काढली होती. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाने वजनाचा हिशेब बदलताना ती मर्यादा नकळत मोडून ठेवली होती. यंत्राला काही दिसलं नाही. जी तपासणी उरलीच नाही ती नापास कशी होणार? दोन किलोच्या बाळाला वीस किलोच्या पोराचा वेग लागला असता. दोनशे बारा दवाखान्यांत, काल संध्याकाळपासून.

तपासण्या करणारी रडायला लागली. टवाळाने खुर्ची मागे घेतली आणि माझ्या खुर्चीकडे, म्हणजे काकांच्या, बघत राहिला. मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ लिहिते. काका माझ्या मागे उभे आहेत असं वाटलं, आणि मागे वळून बघायची मला भीती वाटली.

"गळली आहे" असं आमच्यात कुणी लिहीत नाही. काकू, पलीकडे कोण आहे?

तुमची,
खुर्चीवाली


१९ फेब्रुवारी

चि. खुर्चीवालीस,
अनेक आशीर्वाद.

मी आहे.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. एकही चूक काढली नाही. मला काय ठाऊक की एकेचाळिसाव्या ओळीत बाळं आहेत. मला फक्त ती ओळ ठाऊक.

आता सगळं सांगते. मार्चपासून औषधांमुळे ह्यांना अक्षरं पुसट दिसायला लागली. गुरुवार जवळ आला की घालमेल सुरू. ऑफिसला सांगा म्हटलं तर म्हणायचे, "दुसऱ्याच्या हातात देईन, पण आधी हातातलं निस्तरू दे." मग मी म्हटलं, मी वाचून दाखवते. जन्मभर दुसरं केलं काय मी? मागच्या आठवड्याची छापलेली यादी डावीकडे, या आठवड्याची उजवीकडे टेबलावरच्या स्क्रीनवर, बोट ठेवून एकेक ओळ. अर्थ कळायची गरज नसते, ग. मुद्रितं तपासताना अर्थाच्या मागे लागलं की डोळा फसतो. अक्षर बघायचं. मी वाचायचे, ते टेबलाशेजारच्या पलंगावर डोळे मिटून ऐकायचे, आणि पेटी थांबली की म्हणायचे, "दाब." मी दाबायचे.

आधी पेटी दोन मिनिटांतच गप्प व्हायची आणि माझं विसाव्या ओळीपर्यंतही आलेलं नसायचं. ते घाई करायचे, मी चिडायचे. एकदा तर मी कागद भिरकावून स्वयंपाकघरात निघून गेले होते. मग एका गुरुवारपासून पेटी चांगली दहा-अकरा मिनिटं चालायला लागली. हे म्हणाले, "यंत्र म्हातारं झालं, तुझ्यासारखं." माझं मात्र बरोबर वाचून व्हायला लागलं.

त्या दिवशी तीन चाळीसला ते गेले. डॉक्टर बाहेरच्या खोलीत मुलाला फोनवर सांगत होते. त्यांचा हात माझ्या हातात होता, अजून ऊन होता. चार वाजले. माझा दुसरा हात पेटीवर गेला आणि पेटी थरथरायला लागली. माणूस गेला, आणि पेटीला पत्ताच नाही! मला तिचा इतका राग आला. आणि मग वाटलं, आता ते विचारतील, झालं का? तर मी चष्मा लावला आणि त्यांना वाचून दाखवलं. चौसष्टच्या चौसष्ट ओळी. आवाज किती मोठा लागला मला माहीत नाही, डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. पेटी थांबली. "दाब" कुणी म्हटलं नाही. मी दाबलं. मग रडले.

पुढच्या गुरुवारी वाटलं, आता ऑफिसातून कुणी येईल. कुणी आलं नाही, पेटी मात्र आली. म्हणजे सुरू झाली. मग मी वाचलं. मग पुढच्याही. वाचताना ते खोलीत असायचे. दिसायचे नाहीत, पण त्या पलंगावर कुणीतरी डोळे मिटून ऐकतं आहे, हे मला पाठीला कळायचं. हे वेडेपण असेल तर असो. उरलेले सहा दिवस मी अगदी शहाणी असते.

तुला लपवलं, कारण कळलं की तुम्ही पेटी न्याल. त्या गुरुवारी "नाही" दाबलं, कारणही मीच एका बोटाने टाइप केलं. त्यांच्या नावाने पहिल्यांदा नाही म्हटलं. वाटलं, ते रागावतील, की ह्या बाईला काय कळतं. रागावले नसतील ना?

काकू


२५ फेब्रुवारी

ती. काकू,
सा. न.

नाही रागावले. हे मी त्यांच्या खुर्चीत बसून लिहिते आहे, तेव्हा तेवढा हक्क मला आहे.

विसाव्या तारखेला हिरवा दिवा लागला तेव्हा तुमचं पत्र वाटेत होतं. तरी त्या दिवशी मला भीती वाटली नाही.

आता माझं. "कुणीतरी काढली होती" असं मी लिहिलं. ती एकेचाळिसावी ओळ मीच काढली होती. ती तपासणी अधूनमधून विनाकारण अडकायची, सगळ्यांचा खोळंबा व्हायचा, साहेब डोक्यावर बसायचे. सोमवारी मी ती दोन दिवसांपुरती बाजूला ठेवली आणि विसरले. दोन दिवसांपुरती! तुम्हाला दवाखान्यांवरून धाक घालणारी मी, आणि माझ्याच हाताने. गुरुवारी मागे वळून बघायची भीती वाटली ती भुताची नव्हती, काकू. काकांना तोंड दाखवायची होती.

मी साहेबांसमोर सगळं मांडलं, माझंही आणि तुमचंही. तुमचं लपवलं असतं तर दवाखान्यांशी बेइमानी झाली असती. साहेब लालबुंद झाले. मग म्हणाले, "त्या बाईंना विचार, ओळी मोजायची त्यांची रीत काय आहे." आता आमच्याकडे दोन माणसं, मागची आणि आजची यादी शेजारी ठेवून, बोट लावून वाचतात. एक ओळ जरी कमी भरली तरी फाटक उघडत नाही. खुर्चीत मी राहणार की नाही ते दोन-तीन आठवड्यांत ठरेल. जे ठरेल ते मला मान्य आहे.

पण पेटी न्यावी लागणार. अशी मोहोर कुणाच्या घरी, कुणाच्या टेबलाखाली राहता कामा नये. ही गोष्ट काकांनी सगळ्यात आधी मान्य केली असती. सोमवारी तीन तारखेला आमचा वायरमन येईल. म्हणजे अजून एक गुरुवार तुमच्याकडे आहे. तो तुम्हीच करा. साहेबांना मी सांगितलं आहे, या वेळी फाटकापाशी तुमच्यासोबत इकडे मीही असेन.

तुमची,
खुर्चीवाली


७ मार्च

चि. खुर्चीवालीस,
आशीर्वाद.

पेटी पोचली असेल. छत्री वायरमनच्या हाती दिली आहे. तो भला माणूस निघाला. तारा काढताना मला दुसऱ्या खोलीत जायला सांगत होता, जसं काही दवाखान्यात टाके काढताना सांगतात. मी गेले नाही.

शेवटच्या गुरुवारी वाचून झाल्यावर मी पलंगाकडे बघून म्हटलं, "आता उद्यापासून नाही हं." मूर्ख बाई, उद्या शुक्रवार होता.

काल गुरुवार. साडेतीनला केर काढायला उठले आणि झाडू तसाच ठेवला. चारला त्या खोलीत जाऊन बसले. टेबलाखाली पेटीच्या जागी धुळीचा चौकोन आहे. तिथे हात ठेवला, तर फरशी. गार, आणि गप्प. पलंगही नुसता पलंग. इतके महिने ते गेले असं लोक म्हणत होते, काल ते गेले.

तुला दोष देत नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. पण राग आहे, तो आहे. खोटं कशाला लिहू?

काकू


१४ मार्च

ती. काकू,
सा. न.

हे पत्र लिहायला मला दिवसभर जमत नव्हतं. जसं घडलं तसंच सांगते.

पेटीतली मोहोर मंगळवारी काढून ऑफिसच्या तिजोरीत ठेवली. सगळ्या कामातून पेटी मोकळी केली. आता ती काही बांधत नाही, कुठे काही पाठवत नाही. भंगारात द्यायच्या आधी पुसायची म्हणून मी ती सामानाच्या खोलीत, नुसती विजेला जोडून ठेवली होती.

काल चार वाजता आम्ही नवीन पद्धतीने याद्या वाचत होतो. तपासण्या करणारी कागद आणायला सामानाच्या खोलीत गेली आणि किंचाळत बाहेर आली. पेटी सुरू झाली होती. जिला जगात काही काम उरलं नव्हतं, ती पेटी. मी जाऊन तिच्या पाठीवर तळहात ठेवला. थरथरत होती. काकू, तुम्ही लिहिलं होतं तशीच. अंगावर सरसरून काटा आला. पण हात काढावासा वाटला नाही. चार अकराला ती थांबली.

संध्याकाळी मी पेटी उघडून तिच्या आतलं सगळं वाचून काढलं, तुमच्यासारखं, ओळ न् ओळ. बिल्ड बांधायला आणि मोहोर लावायला मिळून तिला फक्त दोन मिनिटं लागायची. कायमच. ती म्हातारी वगैरे काही झाली नव्हती. त्यानंतर, काम आलेलं असो वा नसो, दर गुरुवारी चार वाजून दोन मिनिटांपासून नऊ मिनिटं ती नुसतेच आकडे फिरवत बसायची, कशाच्याही उपयोगाचे नाहीत असे. तसा हुकूम काकांनी तिला देऊन ठेवला होता, गेल्या अठरा एप्रिलला. ते जायच्या तीन आठवडे आधी.

असं विनाकारण काही लिहिलं की पुढच्या माणसासाठी शेजारी एक ओळीची टीप लिहायची, ही आमच्या धंद्याची रीत. ती टीप यंत्र वाचत नाही, माणसं वाचतात. काकांनी टीप लिहिली आहे. मी ती एका कागदावर छापून सोबत पाठवते आहे, बदल न करता:

"ही नऊ मिनिटं यंत्राला लागत नाहीत, हिला लागतात. काढू नये."

मी जागच्या जागी रडले. ऑफिसात रडायचं नाही असं ठरवलेली मी.

आता पेटी पुसायची ती माझ्याच हाताने. नियमाप्रमाणे सगळं गेलं पाहिजे. पण साहेबांना विचारलं, मोहोर नसलेली, कशालाही न जोडलेली जुनी पेटी आणि तीत फक्त तो नऊ मिनिटांचा हुकूम, या ओळीसकट, एवढं कुणाच्या घरी राहिलं तर चालेल का? ते म्हणाले, "मला काय विचारतेस? ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना विचार."

म्हणून विचारते. ओळ ठेवू की काढू? कागदावर तुमची खूण करून पाठवा.

तुमची,
खुर्चीवाली

ता. क. खुर्ची माझ्याकडेच राहिली.


१९ मार्च

चि. खुर्चीवालीस,
अनेक आशीर्वाद.

कागद आला तेव्हा मी उभी होते. मग बसले.

माणूस मेला खोटं बोलून! म्हणे यंत्र म्हातारं झालं. मी कागद भिरकावला तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, आणि मग पुसट डोळ्यांनी बसून ही नऊ मिनिटं रचली. मी एकेका अक्षरावर बोट ठेवणारी, आणि शेजारी बसून हे माझ्या नजरेतून सुटलं.

तुझा कागद दोन दिवस टेबलावर होता, त्यांच्या चष्म्याशेजारी. काल मी लाल पेन घेतलं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली. काम संपलं. आता मला वाचायचं काही नाही, मग वेळ कशाला लागायचा? दर आठवड्याला साडी बदलून एका पेटीची वाट बघत बसणं, हे काही जगणं नव्हे. मुलगाही तेच म्हणतो. मी म्हातारी झाले, पण मला पटतं ते पटतं.

रेघ मारून झाल्यावर कागद पाकिटात घातला. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं, टपालपेटीपर्यंत गेले. तिथून परत आले.

पाकीट फोडलं म्हणून हे नवीन आहे. कागद सोबत आहे. रेघ मारलेली तुला दिसेलच. तिच्या खाली बघ, मी ठिपके दिले आहेत.

पेटी पुढच्या गुरुवारच्या आत पोचेल असं बघ.

तुझी,
काकू